कुटुंब म्हणजे कोण?

सोलापुराहून अक्कलकोटास जातांना वाटेंत वळसंग लागतें. तेथील एका वृद्ध स्नेह्यांनीं गेल्या महिन्यांत आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत कायम रहिवासाचा परवाना, म्हणजे लोक ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात तें, मिळवून स्थिरावले आहेत. सूनबाई व नात त्यांच्यापाशीं आहेत. 'आतां तुम्हां दोघांसही घेऊन जातों,' असें चिरंजीवांनीं उत्साहानें कळविलें. आणि पुढल्याच महिन्यांत 'तूर्त जमत नाहीं' असा निरोप आला. सुनेचें जमतें आणि जन्मदात्या आईचें जमत नाहीं, हें कसें? प्रश्न एवढाच होता. परंतु मुलगा टाळाटाळ तर करीत नाहीं ना, ही शंका त्यामागें स्पष्ट दिसत होती. अशी शंका पुष्कळ घरांत मुकाट्यानें वावरत असते, म्हणून उत्तर येथें देत आहों.

मुलाचा यांत कांहींएक दोष नाहीं. आपण 'कुटुंब' म्हणतों तेव्हां आईबाप आधीं डोळ्यांपुढें येतात. अमेरिकेच्या कायद्याची दृष्टि निराळी आहे. कायम रहिवाशास केवळ पति वा पत्नी आणि अविवाहित मुलें यांच्यासाठींच अर्ज करतां येतो. आईबापांसाठीं अर्ज करण्याचा अधिकार वयाचीं २१ वर्षें पुरीं झालेल्या नागरिकास आहे, रहिवाशास नाहीं. भावाबहिणींसाठींही नागरिकत्वच लागतें, आणि त्यांची रांग भारतीयांस दहा वर्षांहून अधिक काळ तिष्ठत ठेवते. सासूसासरे हें नातें तर त्या कायद्यास ठाऊकच नाहीं. मात्र एका बाबतींत तो आमच्या रूढीहून उदार आहे: नागरिक झालेल्या मुलीस आपल्या आईबापांसाठीं मुलाइतकाच अधिकार आहे.

कुटुंबाचा हा संकोच आजचा नव्हे. दक्षिण आफ्रिकेंत १९१३ सालीं एका न्यायालयीन निकालानें ख्रिस्ती विधीनें न झालेले विवाह अमान्य ठरले आणि तेथील आपल्या स्त्रियांचें पत्नीपणच धोक्यांत आलें. कस्तुरबा व इतर स्त्रिया सत्याग्रहांत तुरुंगांत गेल्या. नामदार गोखल्यांनीं येथून द्रव्यसाहाय्य धाडलें. आणि १९१४ च्या कायद्यानें तो अन्याय दूर झाला. तरी त्या कायद्यानेंही मानलें तें एक पत्नी आणि अज्ञान मुलें एवढेंच कुटुंब. आज इंग्लंडांत २०१२ पासून आईबापांसाठींचे नियम इतके कडक आहेत कीं, नित्याच्या शुश्रूषेची गरज असून ती स्वदेशीं मिळतच नाहीं, असें सिद्ध करावें लागतें. कानडा देश रहिवाशासही आईबापांसाठीं अर्ज करूं देतो. पण जागा मोजक्या आणि इच्छुक फार.

मग वळसंगच्या चिरंजीवांनीं काय करावें? साधारणतः ५ वर्षांच्या कायम रहिवासानंतर नागरिकत्व मागतां येतें, आणि नागरिकाच्या आईबापांस संख्येची मर्यादा नाहीं. पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें परदेशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेणाराचें भारतीय नागरिकत्व संपतें. ओसीआय कार्ड काढल्यास येणेंजाणें सुलभ होतें. परंतु मत देतां येत नाहीं व शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वडिलार्जित जमीन मात्र वारशानें मिळूं शकते.

वडील मंडळींसही किंमत द्यावी लागते. परवाना घेतल्यावर पूर्वपरवानगीवांचून वर्षाहून अधिक काळ गांवीं राहिल्यास तो गमावण्याचा धोका असतो. म्हणजे ज्वारीची रास, घराची डागडुजी, नात्यांतलें कार्य या सर्वांचा हिशेब कालमर्यादेंत बसवावा लागतो. शिवाय नव्यानें गेलेल्या वृद्धांस तेथील मेडिकेअर ही सरकारी विम्याची योजना सामान्यतः ५ वर्षें राहिल्यावांचून मिळत नाहीं. तोंवर दुखण्याखुपण्याचा भार मुलावर.

ज्यांचा बेत ठरला असेल त्यांनीं कागदपत्रांकडे आजच पाहावें. आमच्यांत लग्नांत मुलीचें नांवही बदलण्याची चाल असल्यामुळें शाळेच्या दाखल्यावरील 'कुसुम' पारपत्रावर 'सुमति' होते, आणि ही त्याचीच आई, हें सिद्ध करणें कठीण जातें. जन्माचा दाखला नसेल तर तो उपलब्ध नसल्याचें प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहाची नोंद व नांवांविषयींचें प्रतिज्ञापत्र हीं वेळींच मिळवावींत.

हें सर्व आम्हीं त्या स्नेह्यांस समजावून सांगितलें. त्यांच्या मनांतील किल्मिष गेलें. जवळच निवडीत बसलेल्या त्यांच्या पत्नी तेव्हां प्रथमच बोलल्या: "तो नेणार कीं नाहीं, याचीच चर्चा दोन महिने चालली आहे. मला जायचें आहे का, हें कोणी विचारलें नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. प्रवासी म्हणून जाऊन सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा सामान्यतः मिळते. आधीं एकवार तसें जावें, तेथील हिंवाळा पाहावा, आणि मग ठरवावें. परक्या देशाच्या कायद्यानें आईबापांस कुटुंबांतून वगळलें, तर त्यास इलाज थोडा. पण निर्णय करतांना त्यांस आपणच वगळूं नये, एवढें तर आपल्या हातीं आहे.