रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणे!

गेल्या शनिवारी धाकटी बहीण घरी आली ती फाईल काखोटीला मारूनच. वय ३२. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखरी, मोठी मुरुमं, गेली सात वर्षं. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. "म्हणजे हॉर्मोनचं काही नाही, तेलकट कमी खा," असं सांगून तिची बोळवण झालेली. बाईसाहेब सात वर्षं वड्याला शिवलेल्या नाहीत!

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण सर्व्हरवर सगळं हिरवं दिसतंय म्हणून "बग नाहीच" असं सांगणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

रक्तातला आकडा ही वाटेवरची मोजणी. खरा खेळ त्वचेतल्या तैलग्रंथीत चालतो. तिथे ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं जास्त जोरकस डीएचटी करतं, ते रिसेप्टरला चिकटतं आणि ग्रंथी जास्त तेल सोडते. आकडा तोच असला तरी दोघींची त्वचा त्याला सारखी दाद देत नाही. काहींच्यात हा रिसेप्टर जन्मतःच पूर्ण बंद असतो. त्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असलं तरी मुरुमं येत नाहीत. अजून काय पुरावा हवा?

तपासण्या करू नका असं नाही हां. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस येत असतील तर पीसीओएस शोधायलाच हवा. माझं भांडण "नॉर्मल"वरून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. कारण तिथेच उपचाराचं दार बंद होतं. स्पायरोनोलॅक्टोन हे रक्तदाबाचं जुनं औषध तोच रिसेप्टर अडवतं. ब्रिटनमध्ये ४१० बायकांवर त्याची चाचणी झाली, २०२३ साली बीएमजेमध्ये छापून आली. १२ आठवड्यांना थोडा फरक, २४ आठवड्यांना जास्त. (गरोदरपणात हे चालत नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच नाही.)

हे दार बंद झाल्यावर बहिणीने काय केलं? मेडिकलवाल्याने दिलेली गोरं करणारी क्रीम दोन वर्षं चोपडली. ट्यूबवरची बारीक अक्षरं मी वाचली. स्टिरॉइड! म्हणजे कॉर्टिसॉल या हॉर्मोनचा भाऊबंद. त्याने त्वचा पातळ होते, लाल होते आणि वर मुरुमंही येतात. एकदम थांबवलं तर चेहरा आणखी भडकतो, ते वेगळंच.

सोमवारी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. फाईल आणि ट्यूब, दोन्ही पर्समध्ये टाकायला लावलं.