ओसरीवरचं पानिपत

सणासुदीला चार पाहुणे जमले, जेवणं आटोपली, पानाचं तबक पुढं आलं, की ओसरीवर एक ठराविक गोष्ट सुरू होते. कुणीतरी म्हणतं, "पानिपतावर भाऊंनी होळकरांचं ऐकलं असतं ना, तर आज चित्र वेगळं असतं!" दुसरे लगेच सरसावून बसतात. पानिपतावरून गाडी औरंगजेबावर येते, तिथून इंग्रजांवर, मग फाळणीवर. शेवटचा मुक्काम ठरलेलाच, "छे हो, या देशाला हुकूमशाहीच हवी!" आपण आत भांडी आवरत असतो, कान मात्र बाहेर असतात. मधेच हाक येते, पण आपलं मत कुणाला नको असतं. चहा हवा असतो.

आमच्या करकंबात हे घरोघर चालतं. तुमच्याही गावी चालत असणारच. मराठी माणसाला इतिहास भाकरीबरोबरच्या ठेच्यासारखा लागतो. त्यात वाईट काही नाही. पण मला दोन गोष्टी खटकतात.

पहिली शाळेतली. मी आठवड्यातून काही तास शिकवायला जाते. आठवी-नववीच्या मुलींना सनावळ्या मुलांपेक्षा चोख पाठ असतात. पण वर्गात चर्चा सुरू झाली, की माना खाली. एकीला खोदून विचारलं, तर म्हणाली, "बाई, घरी म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं?" दुसरी गोष्ट म्हणजे वाद संपला तरी कडवटपणा उरतो. आमच्या ओळखीच्या एका घरात दोन साडूंची दिवाळीत कुठल्याशा लढाईवरून जुंपली, ती संक्रांतीपर्यंत एकमेकांच्या घरचं पाणी बंद! मेलेल्या राजांसाठी जित्या माणसांनी अबोला धरायचा, याला काय म्हणावं?

म्हणून काही जणी म्हणतात, "आमच्याकडे हा विषयच नको." मला मात्र ते पटत नाही. मुलं इतिहास शाळेत वाचतात, पण कुणावर चिडायचं आणि कुणाला आपलं म्हणायचं, हे ओसरीवरच शिकतात. तेव्हा बोलणं बंद करू नका, त्याला वळण लावा. दूध उतू जायला लागलं, की आपण पातेलं ओतून देत नाही. पाण्याचा हबका मारतो. तसे तीन हबके मी सांगते. चहाचा कप हातात देता देता, आवाज न चढवता, हे तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : कशावरून?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट तुम्हां-आम्हांला कीर्तनातून पाठ आहे. पंधराव्या शतकातली. बिदरच्या बहामनी सुलतानाचा अंमल, दामाजीपंत त्याचे अधिकारी. दुष्काळात माणसं अन्नावाचून मरायला लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लुटू दिली. सुलतानाचं बोलावणं आलं, आणि साक्षात पांडुरंगानं विठू महाराच्या रूपानं दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरली. एखादं चौकस पोर विचारतंच, "आजी, हे खरंच घडलं का?" मग आजी रागावतात, बाबा हसतात, आणि पोर बावरतं.

अशा वेळी गोष्ट आणि दाखला वेगवेगळ्या ताटांत वाढावेत. दुष्काळ पडला होता का, कोठार कुणाच्या ताब्यात होतं, हे कागदांतून शोधता येतं. देव आला, ही श्रद्धा; ती श्रद्धेच्या जागी राहू द्यावी. आणि मुलाला एवढं जरूर सांगावं, की भुकेल्याचा धान्यावरचा हक्क सुलतानाच्या हक्काहून मोठा, असं आपल्याकडच्या लोकांना शतकानुशतकं वाटत आलं, म्हणून ही गोष्ट टिकली. हाही इतिहासच, लोकांच्या मनाचा. असं सांगितलं, की आजी दुखावत नाहीत आणि नातूही फसत नाही.

बखरींचंही तेच. सभासदांची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर साधारण सतरा वर्षांनी, १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. लिहिणारे त्या काळात वावरलेले, म्हणून तिला मान. चिटणीसांची बखर मात्र थेट एकोणिसाव्या शतकातली. पणजीच्या लग्नात काय घडलं, हे पणतीनं सांगावं, तितकं अंतर! आणि सिनेमातले संवाद तर सिनेमासाठीच लिहिलेले असतात. तेव्हा कुणी छातीठोक बोललं, की हळूच विचारावं, "हे त्या वेळच्या पत्रात आहे, बखरीत आहे, की मोबाइलवर आलं?" निम्मा वाद तिथंच निवतो.

दुसरा प्रश्न : धान्य कुठून आलं?

हा प्रश्न खास आपला. दहा पानं जास्त बसली, तर आपली काय धांदल उडते! मग लाखाची छावणी जेवत कशी होती?

हे आमच्या अगदी उंबऱ्याशी घडलंय. मंगळवेढ्याहून सोलापूरच्या वाटेवर माचणूर आहे. तिथंच भीमेकाठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. चार वर्षं हिंदुस्थानच्या बादशहाचं बस्तान आपल्या भीमेच्या काठावर! माणसं, हत्ती, घोडे, उंट, बैल. एवढ्यांचा दाणागोटा काय दिल्लीहून येत होता? कितीही रसद लांबून आली, तरी वैरण-सरपण भोवतालच्या शिवारातूनच उचललं जाणार. मनुची नावाच्या इटालियन माणसानं त्या काळची दक्षिण वर्णन केली आहे : शेतं उजाड, झाडं नाहीत, माणसांची नि जनावरांची हाडं पडलेली. १७०२ ते १७०४ च्या दुष्काळात आणि रोगराईत वीस लाखांवर माणसं गेली, असं तो लिहितो. आकडा त्याच्या अंदाजाचा, पण त्यातली हलाखी कळते. लढाई कोण जिंकलं, हे ओसरीवर सगळ्यांना माहीत असतं. कणगी कुणाची रिकामी झाली, हे विचारायला मात्र बाई लागते.

आणि या गोष्टीतलं एक नाव ओसरीवर फार उशिरा येतं. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. बादशहाला वाटलं, आता संपलं. त्याच वर्षी सांगोल्याकडे खवासपूरला माणगंगेच्या पुरात त्याच्या छावणीची दैना झाली. त्या धावपळीत पाय दुखावला, तो कायमचा अधू राहिला. तरी तो गडामागून गड वेढत राहिला. पुढची सात वर्षं त्याला पुरून उरल्या त्या ताराराणी, हंबीरराव मोहित्यांची लेक. राज्य हातात घेतलं, तेव्हा वय पंचविशीचं आणि पदरात लहान मूल. १७०७ साली बादशहा अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला वारला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. संताजी-धनाजींची नावं जरूर घ्यावीत. पण "तुला काय कळतंय त्यातलं" असं मुलीला म्हणताना ताराराणींचं वय आठवावं.

इथंच एक प्रसंग सांगते. गेल्या दिवाळीत आमच्याकडे अशीच बैठक रंगली होती. माझ्या मुलाचा वर्गमित्र फराळाला आला होता, दोन गल्ल्या पलीकडच्या मुसलमान घरातला. बोलता बोलता एका लांबच्या पाहुण्यांनी त्याच्याकडे पाहून म्हटलं, "काय रे, तुमच्या बादशहानं आमची देवळं का पाडली?" सहावीतलं पोर ते! हातातला लाडू त्यानं ताटलीत ठेवला आणि चप्पल शोधायला लागलं. मी बाहेर आले आणि म्हटलं, "मामंजी, आपल्या सोलापूरचे चार हुतात्मे कोण, ते या पोरांना सांगा ना."

मामंजींनी ओळखलं. चष्मा काढून त्यांनी सावकाश नावं घेतली, "मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन." मग सगळी हकीकत सांगितली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर आले. गोळीबार झाला, चिडलेल्या लोकांनी पोलीस चौकी जाळली, तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही. व्यवस्था स्वयंसेवकांनी पाहिली. मग १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सोलापूरच्या चार पुतळ्यापाशी चौघं एकत्रच उभे आहेत.

ओसरी गप्प झाली. पोरानं लाडू संपवला. मैत्रिणींनो, तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे : मेलेल्या बादशहाचा जाब शेजारच्या पोराला विचारायचा नाही.

तिसरा प्रश्न : राजा चुकला तर?

"हुकूमशाहीच हवी" म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं नेहमी चांगला हुकूमशहा असतो. जावई शोधताना आपण म्हणतो ना, मुलगा चांगलाच निघेल! पण शहाणी आई विचारते, नाहीच निघाला तर माझ्या लेकीनं काय करायचं? राजवटीलाही हाच प्रश्न विचारावा. मार्शल लॉ च्या सोलापुरात गांधी टोपी घालणंसुद्धा संकट झालं होतं. दाद कुणाकडे मागायची? हुकूम देणारेही तेच आणि शिक्षा करणारेही तेच.

याउलट आमच्या शेजारचं आटपाडी पाहा. ते औंध संस्थानात होतं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रकलेचे शौकीन, प्रजेचे लाडके. त्यांनी १९३९ साली, गांधीजींचा सल्ला घेऊन, आपण होऊन कारभार रयतेकडे सोपवला. बहात्तर गावांचं चिमुकलं संस्थान, पण गावोगाव निवडलेल्या पंचायती आल्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाचा बिनभिंतींचा तुरुंग निघाला. शांतारामबापूंचा 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचला. आता विचार करा, राजा इतका भला होता, तरी नुसत्या आपल्या भलेपणावर प्रजेला ठेवणं त्याला पुरेसं वाटलं नाही.

दामाजीपंतांकडे पुन्हा वळू या. तेव्हा भुकेल्यांचं नशीब एका भल्या माणसाच्या मनावर होतं. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजेसासूबाई खडी फोडायला जात. हाताला आलेले घट्टे त्यांनी सुनांना दाखवले होते. त्या दुष्काळानं महाराष्ट्राला शिकवलं आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम द्यायचं सरकारवर बंधन आलं. कायद्याची अंमलबजावणी किती चोख झाली, यावर खुशाल वाद घाला. पण कोठार उघडणारा भला माणूस भेटेल का, याची वाट पाहणं वेगळं आणि "कामाचा हक्क आहे, द्या" म्हणणं वेगळं. मला वाटतं, कुठल्याही राजवटीची पारख इथं होते. राजा किती शूर होता, किती उदार होता, हे नंतर. तो चुकला, तर साध्या बाईला काय करता येत होतं, हे आधी.

आता घरात काय करायचं, ते थोडक्यात. वादाच्या वेळी मुलींना आतल्या कामाला पिटाळू नका. मुलगे कप विसळतील. घरातल्या सर्वांत लहानाला एकदा तरी बोलू द्या. जातीवरून, धर्मावरून, आडनावावरून कुणी बोललं, तर विषय तिथंच थांबवा, मग ते कितीही मानाचे पाहुणे असोत. तारखेवरून अडलं तर पैज लावू नका, पुस्तक काढा. आणि जमलं तर सुटीत भाकरी-चटणी बांधून मुलांना माचणूरला न्या. भीमेच्या घाटावर बसवून विचारा, "इथं चार वर्षं छावणी होती, तर पलीकडच्या गावातली बाई तेव्हा काय रांधत असेल?" मुलं अशी उत्तरं देतात, की आपणच थक्क होतो.

शेवटी एक हकीकत, आपल्या ओसरीवर कधी न निघणारी. १९५१-५२ ला देशाची पहिली निवडणूक झाली. त्या वेळी मतदारयाद्यांतून जवळजवळ अठ्ठावीस लाख बायकांची नावं गळली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. का? तर त्यांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून दिलं होतं. आपण नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतो. त्या बिचाऱ्यांना स्वतःचंच घेता आलं नाही, आणि मत गेलं.

तुमचं-माझं नाव आज यादीत आहे. तेव्हा पुढच्या वेळी ओसरीवर पानिपत रंगलं, की चहाचा ट्रे ठेवा, आपलाही कप घ्या आणि तिथंच बसा. विचारा, कशावरून?