अक्षय पात्र आणि कारखान्यांची छपरे

आज माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. घरोघरी तुळशीपुढे रथारूढ सूर्यनारायणाची रांगोळी रेखली जाईल, गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू घालविले जाईल आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाची सांगता होईल. सूर्याच्या स्तवनाचा हा दिवस. परंतु स्तवनाबरोबर त्याच्या दानाचाही विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या उद्योगनगरीत तर तो अवश्य व्हावा. कारण येथील यंत्रे रात्रंदिवस विजेवर फिरतात आणि लक्षावधी घरांची चूल त्या यंत्रांवर पेटते.

महाभारताच्या वनपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. वनवासात अतिथींना अन्न कोठून द्यावे, या चिंतेत पडलेल्या युधिष्ठिराने धौम्य ऋषींच्या उपदेशावरून सूर्याची उपासना केली आणि त्याला अक्षय पात्र लाभले. कथेतील एक अट मात्र आपण विसरतो. द्रौपदीचे भोजन होईपर्यंतच ते पात्र अन्न देई. पुढे दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागे. म्हणजे ‘अक्षय’ याचा अर्थ अमर्याद नव्हे. रोज मोजके, पण रोज नव्याने मिळणारे. ज्या ऊर्जेला आज अक्षय ऊर्जा म्हणतात, तिचे यथार्थ वर्णन या कथेत आहे.

याच्या उलट कोळसा. तो वाडवडिलांच्या ठेवीसारखा. मोडला की संपला. शिवाय त्याला पाणीही लागते. परळी वैजनाथ या ज्योतिर्लिंगाच्या गावी असलेले औष्णिक वीजकेंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. २०२५ च्या मध्यास देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांखेरीजच्या साधनांची झाली, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष निर्मिती निराळी. सूर्य रात्री तळपत नाही आणि वारा आज्ञेत राहत नाही. म्हणून प्रत्यक्ष वापरातील निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज अजूनही कोळशाचीच आहे.

प्रकाशापासून थेट वीज करणारा सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला. त्याच वर्षी आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. एके काळी केवळ उपग्रहांस परवडणारे ते फलक आता सामान्य गृहस्थाच्या गच्चीवर आले आहेत. चिखली येथील टाटा मोटर्सच्या कारखान्यात २०२१ साली मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरच सुमारे तीस हजार चौरस मीटरचे सौरछत्र उभारले गेले. त्याची क्षमता ६.२ मेगावॅट असून त्यातून वर्षास ८६ लाखांहून अधिक युनिट वीज अपेक्षिलेली आहे. एक हातही नवी जमीन न घेता हे साधले. खाली गाड्यांना सावली मिळाली, ती वेगळीच. शिर्डीच्या साईबाबा संस्थाननेही २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवून सूर्यतापाच्या वाफेवर प्रसादाचे अन्न शिजविण्याची व्यवस्था केली होती. कारखाना असो वा देवस्थान, छप्पर दोघांनाही आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. धूर नाही एवढ्यानेच वीज निष्पाप ठरत नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खाली सोडून खोपोलीस १९१५ साली जलविद्युत निर्माण झाली. पुढे मुळशीच्या धरणात मावळ्यांची शेते व गावे जाऊ लागली, तेव्हा १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला; त्याचे नेतृत्व पुढे सेनापती बापटांनी केले. वीज मुंबईस गेली, गावे पाण्याखाली गेली. अलीकडे भीमाशंकराच्या परिसरात पवनचक्क्यांसाठी डोंगर फोडून रस्ते झाले. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात वनांच्या या हानीकडे लक्ष वेधले. ज्या डोंगरात भीमेचा उगम, त्याचेच अंग खरवडून मिळविलेल्या विजेस पवित्र म्हणावे काय?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : आधी छपरे, मग पडीक जमिनी, आणि डोंगर व सुपीक शेते सर्वांत शेवटी. चाकणपासून तळेगावपर्यंत पत्र्यांची छपरे सूर्याखाली मोकळी तापत असताना भामचंद्राच्या किंवा भंडाऱ्याच्या बाजूस दृष्टी जाण्याचे कारण नाही.

आता दुर्वासांचा प्रश्न. द्रौपदीचे भोजन झाल्यावर ते शिष्यांसह आले; आपल्या नगरांतील सायंकाळची विजेची मागणीही तशीच, पात्र रिते झाल्यावर येते. पात्राला चिकटून राहिलेल्या भाजीच्या पानाने तेव्हा पांडवांची लाज राखली. ते पान राखून ठेवणे म्हणजेच साठवण. बॅटऱ्या हा एक उपाय. दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडण्याची उदंचन योजना हा दुसरा. भिरा येथे १५० मेगावॅटचा असा संच आहे. मावळातील शिरवट्यास १८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पासाठी २०२३ साली टाटा पॉवर व राज्य शासन यांच्यात करार झाला. तो होताना मुळशीची आठवण राहावी, एवढीच अपेक्षा.

गृहस्थांनीही आपला वाटा उचलावा. २०२४ च्या फेब्रुवारीत आरंभिलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले गेले. एक किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाकाठी साधारण चार युनिट देतो. पावसाळ्यात हे प्रमाण घटते, हे मान्य. पण उरलेली वीज नेट मीटरमधून जाळ्यात देता येते, अडचणीला परत घेता येते. सदनिकांत राहणाऱ्यांनी सामाईक गच्चीवर संच बसवून पाण्याचा पंप, उद्वाहक व जिन्यातले दिवे त्यावर चालवावेत. देहू-आळंदीच्या धर्मशाळा, मठ आणि मंगल कार्यालये यांनी तर अग्रेसर व्हावे. आणि उत्सवांतील रोषणाईस संयमाची मर्यादा असावी. अक्षय पात्रासही मर्यादा होती, मग आपल्या मांडवास का नसावी?

अर्घ्य म्हणजे ओंजळीतले पाणी सूर्याला परत देणे. घेतलेल्या दानाचा हिशेब ठेवणे, ते वाया न घालविणे आणि ते मिळविताना दुसऱ्याचे घर न मोडणे, हेही अर्घ्यच होय. ही सद्बुद्धी आम्हां सर्वांस लाभो, हीच आज सूर्यनारायणाच्या चरणी प्रार्थना.