भिंत बदलली, हत्यारं तीच

गणपतीच्या मखरासाठी यंदा शाळेच्या हॉलमध्ये जमलो तेव्हा सहा ड्रिल आले होते. मोजायची टेप एकही नव्हती. गुण्या नव्हता, पाणसळ नव्हती. शेवटी हार करायला आलेल्या एका मावशींच्या पर्समधून शिवणाचा टेप निघाला आणि त्याने प्लायवूड मापलं गेलं. निम्म्या ड्रिलांच्या बॅटऱ्या उतरलेल्या, उरलेल्या एकमेकांत बसेनात. स्क्रू चौकोनी खाचेचे आणि पेट्यांमधली टोकं सगळी फुलीची. दुपार टळून गेल्यावर मखर उभं राहिलं ते डावीकडे कललेलं. "पडदा सोडला की कळणार नाही," असं एकमताने ठरलं. घरी येताना गाडीत लेकीने विचारलं, "आई, काकांना ड्रिल चालवता येत नाही, मग त्यांच्याकडे तीन कशाला?"

तिला उत्तर दिलं नाही. म्हटलं, मंडळाच्या अंकातच लिहावं.

आपण हत्यार कामासाठी घेत नाही, हे माझं म्हणणं. फादर्स डेची ऑफर लागली, बॉक्सिंग डेला निम्म्या किमतीत मिळालं, शेजारच्या गोऱ्याच्या गॅरेजमध्ये दिसलं म्हणून घेतो. आणि सगळ्यात जास्त वेळा, पुण्याच्या भावाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं म्हणून घेतो. "हॅमरवालाच घे, बाकीचे काही कामाचे नाहीत." भावाचं काही चुकत नाही. त्याच्या फ्लॅटची भिंत विटेची नाहीतर काँक्रीटची. तिथे साधा ड्रिल नुसता गरगरतो, धूर काढतो आणि थांबतो. तिथे हॅमर लागतो, मग गिट्टी, मग स्क्रू. साध्या कॅलेंडरलाही एवढा सोहळा.

पण इथे कॅनडातल्या घराची भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल, त्यामागे पोकळी आणि दर सोळा इंचांवर एक उभा लाकडी खांब. हॅमर लावलात तर भिंतीचा चुरा होऊन भोक नको तेवढं मोठं होतं आणि गिट्टी आत पडते ती कायमची. हॅमर ड्रिल या घरात एकाच ठिकाणी लागतो, बेसमेंटच्या काँक्रीटला. तो एक दिवस भाड्याने आणता येतो. ड्रायवॉलला मुळात ताकद नकोच, खांब कुठे आहे ते कळायला हवं. त्यासाठी साधं लोहचुंबक पुरतं. भिंतीवर हळूहळू फिरवा. ड्रायवॉल ज्या स्क्रूंनी खांबाला जोडलेला असतो, तिथे ते चिकटतं. टीव्हीचा कंस त्या खांबातच बसला पाहिजे. आपल्या ओळखीच्या एका घरात पंचावन्न इंची टीव्ही नुसत्या ड्रायवॉलवर टांगला होता. दिवाळीच्या फराळाला त्याच्याखालच्या सोफ्यावर कोणी बसेना.

दुसरा गोंधळ इम्पॅक्ट ड्रायव्हरचा. ड्रिलसोबत तो सेटमध्ये येतो, दिसतो छोटा, म्हणून नाजूक कामाला तोच काढतात. खरं तर उलट आहे. ड्रिलच्या गळ्याशी आकडे असलेलं कडं असतं. ते खालच्या आकड्यावर ठेवलं की ठरलेल्या जोरापुढे आतला क्लच सटकतो आणि स्क्रूचं डोकं वाचतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरला सहसा असा क्लच नसतो. तो वळवतानाच आतून ठोके देत जातो. डेकच्या फळीत तीन इंची स्क्रू घालायला तो हवाच, पण भुश्याच्या फळ्यांचं कपाट जोडायला तो घेतलात तर स्क्रू आरपार. त्या कपाटाला हाताचा स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात उत्तम. हे सांगितलं की मंडळी खट्टू होतात. एवढे पैसे घातलेत, आणि ही बाई म्हणते हाताने पिळा!

व्होल्टचंही तेच. ऑफिसातल्या एकाने मला अभिमानाने सांगितलं की त्याचा ड्रिल अठरा नव्हे, वीस व्होल्टचा आहे. दोन्हींत त्याच पाच लिथियम सेलांची रांग असते. सेलमागे ३.६ धरले तर अठरा होतात, नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचे चार-चार धरले तर वीस. डब्यावर काय छापायचं हा विक्रीखात्याचा प्रश्न. व्होल्टपेक्षा विचार करा तो बॅटरीचा. बॅटरी निवडणं म्हणजे सोयरीक जुळवणं. एकदा एका कंपनीची घेतली की ड्रिल, करवत, पाचोळा उडवायचं यंत्र, सगळं त्याच घरातून आणावं लागतं, कारण दुसऱ्याची बॅटरी यात बसत नाही. तेव्हा आधी शेजारच्या दोन-तीन मराठी घरांत काय आहे ते विचारा आणि तेच घ्या. मनगट बारीक असेल तर बारा व्होल्टचा ड्रिल बघा. पडदे, फडताळं, बिजागऱ्या, घरातलं बहुतेक काम तो करतो आणि शिडीवर डोक्याच्या वर धरला तरी हात भरून येत नाही. पण "बारा" म्हटलं की पुरुषांच्या चेहऱ्यावर जी दया उमटते ती बघण्यासारखी असते.

माझे वडील आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचे. त्यांच्याकडे आलेलं पोर सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसतं कानस घासायचं. लोखंडाचा तुकडा सपाट करायचा, गुण्या लावून उजेडात धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. ड्रिलला हात लावायची वेळ नंतर यायची. घरी त्यांची एक पेटी होती. टपारियाची पकड, दोन-तीन पान्हे, हॅकसॉ, कानस, गुण्या, ओळंबा. त्या पेटीवर आमचं अख्खं घर चाललं. पकड नाशिकहून माझ्याबरोबर इथे आली आणि अजून चालते. नवऱ्याच्या गॅरेजमध्ये एकशे सदतीस नगांचा सेट आहे. त्यातले सॉकेटचे दोन-चार नग सोडले तर बाकीचे अजून साच्यात जसेच्या तसे बसलेले आहेत. नवरा हे वाचणार आहे, त्यामुळे इथेच थांबते.

आधी मोजायचं सामान घ्या. पंचवीस फुटी टेप, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली, कारण या देशात मुलं शाळेत मेट्रिक शिकतात आणि लाकडाच्या वखारीत सगळा व्यवहार इंचात. (त्यातही गंमत आहे. दोन बाय चार म्हणून विकतात ती पट्टी मोजली तर दीड बाय साडेतीन भरते.) टेपच्या टोकाचा आकडा हलतो म्हणून टेप परत करणारे लोक मला माहीत आहेत. तो मुद्दाम सैल असतो. अडकवून मापलं की बाहेर सरकतो, टेकवून मापलं की आत, आणि त्याच्या जाडीएवढा फरक भरून निघतो. पाणसळ घ्याल तेव्हा दुकानातच तपासा. एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग टोकं उलटी करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा तिथेच आला तर घ्या. मखराचा काटकोन जमवायला तर गुण्याही लागत नाही. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, तिरकं माप पाच भरलं की काटकोन झाला. हॉलमध्ये चार इंजिनियर उभे होते.

आणि चौकोनी खाचेचे स्क्रू इथे मिळणारच. ते इथलेच आहेत. पीटर लिम्बर्नर रॉबर्टसनने १९०९ मध्ये कॅनडात त्यांचं पेटंट घेतलं आणि कारखाना होता मिल्टनला, जिथे आज आपल्यातली कितीतरी कुटुंबं राहतात. त्या स्क्रूच्या खाचेत ड्रायव्हरचं टोक घट्ट बसतं, सटकत नाही, एका हाताने धरता येतं. मुठींना रंग असतात. लाल मुठीचा एक घेतलात तर घरातलं बहुतेक काम भागतं. तो जॅकेटच्या खिशातही मावतो.

विजेबद्दल थोडक्यात, पण हे हसण्यावारी नेऊ नका. तिकडच्या जुन्या घरांत लाल वायर जिवंत, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. इथे काळी वायर जिवंत, पांढरी न्यूट्रल, उघडं तांबं अर्थिंग. लहानपणी काळ्या वायरला न घाबरायला शिकलेला हात इथे त्याच सवयीने पुढे जातो. साध्या टेस्टरशिवाय पेटी उघडू नका. ओंटारियोत स्वतःच्या घरात वायरिंग करायला मुभा आहे, पण इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीला कळवून तपासणी करून घ्यावी लागते. "कोण बघतंय" हे उत्तर मी फार ऐकलंय. घराचा दावा नाकारताना विमा कंपनी बघते.

आणखी एक गोष्ट बोलायची होती. आपल्याला अंगणात रंधा मारणारा सुतार आठवतो, त्या सालपटांचा वास आठवतो, फेसबुकवर त्यावर हळवं लिहिलंही जातं. त्याला चहा वेगळ्या कपात दिला जायचा हे कोणी लिहीत नाही. हाताने काम करणारा माणूस आपल्या घरांत पायरीवर बसायचा. इथे मजुरी परवडत नाही म्हणून आपण तेच काम करतो आणि त्याला छंद म्हणतो. आणि त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या हातातून ड्रिल घेऊन मला "वहिनी, तुम्ही रांगोळीचं बघा" असं सांगितलं गेलं, तेही याच खात्यातलं आहे. पण हा विषय मोठा आहे आणि संपादकांनी शब्दमर्यादा दिली आहे.

फार उपदेश झाला, क्षमा असावी. कष्ट करणाऱ्यांनी सुट्टीचा दिवस घालवून मखर उभं केलं आणि मी घरी बसून लेख लिहिला, असं कोणी म्हटलं तर मला ते मान्य आहे.

तरी एक सुचवते. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १९७९ पासून हत्यारं पुस्तकांसारखी घरी नेता येतात. आपल्या मंडळालाही एक सामाईक पेटी का नसावी? दोन टेप, एक लांब पाणसळ, मोठा गुण्या, चार क्लॅम्प, लाल रॉबर्टसन, डोळ्यांचे चष्मे, धुळीचे मास्क आणि एकच ड्रिल. टेबल सॉ नको. लाकूड मागे उसळलं तर तो बोटं घेऊन जातो, आणि तो चालवायला शिकवणारं माणूस शेजारी हवं. वर्षातून एकदा मुलामुलींना बसवून हे सगळं हाताळायला शिकवू. मुलींना आधी. ज्यांच्या गॅरेजमध्ये न उघडलेली हत्यारं पडून आहेत त्यांनी नवरात्राच्या आत कार्यकारिणीला कळवावं. हॅमर ड्रिल पुरेसे आहेत, ते पाठवू नयेत.