सासूबाईंच्या कंबरेचा वार कोणता?

सत्तरी ओलांडलेल्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार, ही आयुष्मान कार्डाची सोय ऑक्टोबर 2024 मध्ये आली. तेव्हापासून चिंचणीत बचत गटाच्या बैठकीत मला हमखास विचारतात, ''ताई, सासूबाईंची कंबर धरलीय, कार्डावर होईल ना?''

नाही होत. हे कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं. आणि मैत्रिणींनो, म्हातारपणची कंबरदुखी बहुतेक वेळा दाखल होण्याचं दुखणंच नसतं. तिला हवा असतो घराजवळचा, दहा मिनिटं देऊन तपासणारा डॉक्टर आणि व्यायाम नीट शिकवणारं कुणीतरी. नेमकं तेच मिळत नाही.

मग आयुष्यभर लावणीला वाकलेली, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हिंडलेली बाई 'वयच झालं' म्हणत घरी बसते. अगदीच असह्य झालं की एक सुई, चार गोळ्या. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या, महिनोन् महिने! उतारवयात या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. ब्लडप्रेशर असेल तर धोका आणखी वाढतो. नाहीतर थेट बोईसर गाठून एक्स-रे, एमआरआय. 'मणक्यात गॅप आहे' ऐकलं की घरदार घाबरतं. अहो, साठीनंतर मणक्यांची झीज ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्याही फोटोत दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही प्राथमिक उपचारांसाठी. भर आहे तो दुखणं समजावून सांगण्यावर आणि व्यायामावर. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं नेहमीच्या उपचारात नको, असंही त्यात आहे. आपल्याकडे पट्टा तर पहिल्याच दिवशी घरात येतो!

मात्र पडल्यावर अचानक कळ आली, ताप आहे, वजन घटतंय, पायातली ताकद गेली, जांघेत बधिर वाटतंय किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, तर घरगुती लेप लावत बसू नका. लगेच मोठं रुग्णालय गाठा. हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा मणका साध्या धक्क्यानेही मोडतो. तिथे दाखल करावं लागलं, तर कार्ड जरूर पुढे करा.

ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची वेगळी तपासणी व्हावी, असं त्यात लिहिलेलं आहे. शिवाय ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. म्हणजे नवीन काही मागायचं नाहीये. लसीकरणाचा वार प्रत्येक सुनेला पाठ असतो. सासूच्या तपासणीचा वार कोणता, हे मी विचारलं तर बैठकीत एकीलाही सांगता आलं नाही. तो वार कोणता आणि व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट कधी येणार, हे दोन प्रश्न आमच्या गटाने पुढच्या ग्रामसभेसाठी लिहून ठेवलेत.