भाव वाढतोय, पण खिशात काय येतंय?



मागच्या महिन्यात पाचोडला आपली छोटी कार्यशाळा झाली. विषय होता, पहिलं भांडवल कुठं लावायचं. सगळे गेल्यावर एक तरुण थांबला. घरची मोसंबीची बाग आहे. दोन वर्षं दुसऱ्याच्या आडतीवर काम करून त्याने १ लाख २० हजार रुपये साठवलेत. मला म्हणाला, "सर, जुन्या स्पोर्ट्स कार कोटींना विकल्या जातात, मी बघितलंय. आपल्याला कार झेपणार नाही. पण एक आरएक्स हंड्रेड मिळतीय, ९० हजाराला. दोन वर्षांत सव्वा-दीड लाख कुठं गेले नाहीत. घेऊ का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण माझ्या स्वतःच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक आरएक्स हंड्रेड उभी आहे. वडिलांची, १९९२ ची. त्यामुळे आज जे लिहितोय ते आधी मलाच लागू आहे.

आधी त्याची बाजू

तो खोटं बोलत नव्हता. फेरारीची २५० जीटीओ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात फक्त ३६ बनली. त्यातली एक २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मर्सिडीजच्या ३०० एसएलआर कूपे जगात दोनच. त्यातली एक मे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोला विकली गेली.

आरएक्स हंड्रेडचंही तसंच, फक्त आपल्या पातळीवर. एस्कॉर्ट्स आणि यामाहाने ती १९८५ ला आणली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ बीएचपी ताकद आणि अंगाने हलकी. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ ला ती बंद पडली. नवीन येणार नाही, आणि जिने शाळा-कॉलेजची वर्षं गाजवली ती पिढी आता पैसेवाली झालीय. म्हणून मागणी आहे.

दुसरी बाजू कोणी दाखवत नाही

गाडी दुर्मिळ आहे म्हणून किंमत येते, असं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९८ च्या सुमाराला सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बनायला लागली. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. रस्त्यावर आली ती फार थोडी. म्हणजे दुर्मिळ आहेच. पण तुमच्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलंय? वस्तू कमी असणं वेगळं आणि ती हवी असणारी माणसं जास्त असणं वेगळं. भाव दुसऱ्या गोष्टीने चढतो. आणि अशी गाडी बंद पडली की पार्ट शोधायला गावोगाव फिरावं लागतं.

गाडी महाग आहे म्हणूनही भाव टिकत नाही. ऑक्टोबर २०१० ची गोष्ट आठवते का? आपल्या जिल्ह्याच्या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. आज त्या गाड्यांचं वय १५ वर्षांच्या पुढं गेलंय. एवढ्या जुन्या साध्या आलिशान गाडीला मूळ किमतीचा छोटासा हिस्सा मिळतो. त्या व्यवहारातून शिकायचं असेल तर गाडी नका बघू, घासाघीस बघा. गठ्ठ्याने खरेदी केली म्हणून कंपनीकडून सवलत मिळाली आणि बँकेकडून व्याजही कमी करून घेता आलं. धंदा तिथं दिसला.

आणि चढलेला भाव उतरतोही. १९८० च्या दशकाच्या शेवटी जगात जुन्या फेरारींचे भाव असेच उधळले होते. १९९० नंतर कोसळले. वरच्या भावात कर्ज काढून घेणारे कित्येक वर्षं अडकून पडले.

वही काढा

त्या तरुणाबरोबर मी चहाच्या टपरीवर बसून हिशोब मांडला. तुम्हीही मांडा.

गाडी ९० हजार. नावावर करणं, आरसी रिन्यू, इन्शुरन्स, इंजिनचं काम, टायर, बॅटरी आणि दोन वर्षांची किरकोळ देखभाल मिळून २० हजार धरा. झाले १ लाख १० हजार. आता समजा दोन वर्षांनी १ लाख ३० हजाराला गेली. हातात राहिले २० हजार, म्हणजे वर्षाला साधारण नऊ टक्के. गिऱ्हाइकाने दहा हजार पाडून मागितले, मध्यस्थाने दोन हजार घेतले, की उरले आठ हजार. दोन वर्षांचे.

आता त्याचा दुसरा बेत. पाचोडच्या मार्केटातून मोसंबी घेऊन शहरातल्या ज्यूसवाल्यांना थेट पोचवायची. त्याच्याच अनुभवाने एका खेपेला २५ हजार लागतात आणि भाडं जाऊन दीड हजार उरतात. आठवड्याला दोन खेपा. आंबे बहाराचे तीन महिने धरले तर २४ खेपा, ३६ हजार रुपये. यात त्याची स्वतःची मजुरी आहे, काही माल खराब होणार, एखादा ज्यूसवाला पैसे थकवणार. म्हणून मी निम्मेच धरले, १८ हजार. तेही तीन महिन्यांत, आणि भांडवल फक्त २५ हजार!

फरक कळला का? मोसंबीतला पैसा २४ वेळा फिरला. गाडीतला दोन वर्षं एकाच जागी उभा राहिला.

घ्यायचीच असेल तर एवढं बघा

एक, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. दुसऱ्या मॉडेलचं इंजिन बसवलेल्या गाड्या सर्रास फिरतात. नंबर खोडलेला दिसला तर लगेच उठा.

दोन, १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. २० वर्षांपुढच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये वाढवून दुचाकीला २,००० आणि कारला १०,००० रुपये केली. शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे.

तीन, "व्हिंटेज आहे" या शब्दाला भुलू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. पहिली आरएक्स हंड्रेड त्यात बसायला २०३५ उजाडेल. आणि व्हिंटेज म्हणून नोंदली की ती रोज वापरता येत नाही, धंद्यासाठी तर नाहीच.

चार, नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल आणि गाडी चोरीला गेली, तर एक रुपयाही मिळत नाही.

पाच, स्वतःच्या वापराची गाडी नफ्यात विकली तर त्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण धंद्याच्या पुस्तकात दाखवून घसारा घेतला असेल तर हिशोब बदलतो. आधी सीएला विचारा.

माझी चूक

२०१६ ला मला ट्रेनिंगच्या जागेचं डिपॉझिट भरायचं होतं. ५० हजार कमी पडत होते. माझ्या आरएक्सला तेव्हा चांगलं गिऱ्हाईक आलं होतं. मी म्हणालो, "आत्ता नाही, भाव अजून वाढणार आहे." आणि ५० हजार महिना दोन टक्क्याने उचलले. फेडायला दीड वर्ष लागलं. व्याजच पंधरा हजार गेलं. गाडी शेडमध्ये, टाकीला आतून गंज, आणि मी लोकांना भांडवल कसं वापरायचं ते शिकवतोय!

खरं कारण भाव नव्हतं. वडील त्या गाडीवर मला शाळेत सोडायचे, ते होतं. विकवत नव्हती. तसं सरळ कबूल केलं असतं तर निदान स्वतःशी खोटं बोललो नसतो. मी हौसेला गुंतवणुकीचे कपडे घातले.

आज गाडी माझ्याकडेच आहे. टाकी बदलली, रविवारी एक चक्कर मारतो. पण माझ्या वहीत ती आता "गुंतवणूक" या पानावर नाही. "हौस" या पानावर आहे. तिचा भाव वाढला तर आनंद, नाही वाढला तर तक्रार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या भांडवलातून जुनी गाडी घेऊ नका, कितीही भाव चढू दे. घरात वाडवडिलांची असेल तर जपा, धंदा अडला असेल तर विकायची हिंमतही ठेवा. आणि या गाड्यांचं खरंच वेड असेल तर कार्ब्युरेटर उघडायला शिका. गाडी घेऊन बसणाऱ्याला पैसे विकतानाच मिळतात. ती दुरुस्त करणाऱ्याला दर आठवड्याला मिळतात.

त्या तरुणाने जाताना विचारलं, "मग कधीच घेऊ नको का सर?"

मी म्हणालो, "घे की. मोसंबीच्या नफ्यातून घे. मग मला मागं बसवून पैठणपर्यंत ने."