देशी बेडूक, परके बेट

२०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘आक्रमक परकी प्रजाती’ ही संज्ञा त्या कायद्यात प्रथमच आली. जी प्रजाती मूळची भारतातील नाही आणि जिच्या प्रसारामुळे वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका संभवतो, ती आक्रमक परकी, अशी तिची व्याख्या आहे. वरवर निर्दोष वाटणाऱ्या या व्याख्येने अंदमानच्या बेडकांना मात्र वाऱ्यावर सोडले आहे. कारण त्यांना गिळणारा प्राणी अस्सल भारतीय आहे.

हा प्राणी म्हणजे भारतीय बुलफ्रॉग, होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. प्रयोगशाळेतील विच्छेदनाच्या ट्रेमध्ये ‘राना टायग्रिना’ या जुन्या नावाने विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेला तोच बेडूक. मुख्य भूमीवर पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन डरावणारा हा जीव तेथील भक्षक आणि भक्ष्य यांच्या संगतीत उत्क्रांत झाला. अंदमानात तो या शतकाच्या पहिल्या दशकात पोहोचला, तोही माणसाच्या हातून. गावोगावी केलेल्या चौकशीतून संशोधकांसमोर आलेला प्रमुख मार्ग मत्स्यशेतीचा आहे: तळ्यांत सोडायला आणलेल्या मत्स्यबीजात बुलफ्रॉगची पिल्ले मिसळून आली. चेन्नईपासून हजाराहून अधिक किलोमीटरचा समुद्र, जो या बेडकाने स्वतःच्या बळावर कधीच ओलांडला नसता, तो असा ओलांडला गेला.

त्यानंतर काय घडते याचे उत्तर नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी यांच्या २०१९ मधील शोधनिबंधाच्या शीर्षकातच आहे. बहुतेक बेडकांची पाण्यात वाढणारी पिल्ले, म्हणजे टॅडपोल, शेवाळ खरवडून जगतात. बुलफ्रॉगचे टॅडपोल मांसाहारी असतात, प्रसंगी स्वजातीयांनाही खातात. मायक्रोहायला चक्रपाणी आणि कलौला घोषी या अंदमानातील बेडकांचे टॅडपोल त्यांच्यासोबत ठेवले असता एकही वाचला नाही. घटले नव्हे, विरळ झाले नव्हे, शून्य. जीवशास्त्रातील प्रयोगांत इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते. प्रयोग मर्यादित जागेतला होता, मोकळ्या निसर्गात लपायला आडोसे असतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पावसाने भरलेल्या उथळ डबक्यात आडोसा तो किती असणार? शिवाय डबक्याबाहेर पडलेला प्रौढ बुलफ्रॉग सरडे-पालींसारखे लहान पृष्ठवंशी प्राणीही गिळतो.

‘निसर्ग आपला समतोल साधेल’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. साधेलही. ज्या समतोलात स्थानिक बेडूक उरलेले नाहीत, तोही एक समतोलच असतो.

दुसरा युक्तिवाद अधिक फसवा आहे: जो प्राणी देशात संरक्षित आहे, त्याला देशाच्याच दुसऱ्या कोपऱ्यात मारायचे कसे? गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’साठी याच बेडकाची चोरटी शिकार होते. ती रोखलीच पाहिजे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये थांबवली, तेही योग्यच झाले. पण प्राण्यांना पारपत्र नसते, त्यांना प्रदेश असतो. जीवजगताच्या दृष्टीने अंदमान भारतीय भूमीपेक्षा म्यानमार आणि आग्नेय आशियाला जवळचा आहे. इंग्रजांच्या काळात तेथे नेऊन सोडलेले चितळ आजही कोवळी रोपे खाऊन जंगलाची नवी वाढ खुंटवत आहेत, आणि व्याख्येनुसार तेही देशीच! राजकीय नकाशा परिसरशास्त्रावर लादला की असले चमत्कार घडतात.

नियंत्रण अशक्य आहे, ही समजूतही खरी नाही. अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात अमेरिकन बुलफ्रॉग या वेगळ्या प्रजातीने असाच ठाण मांडला होता. २००५ पासून तेथे वर्षानुवर्षे, रात्री-अपरात्री, आवाजाचा माग काढत बेडूक पकडले गेले. एखाद-दुसरे तळे साफ करून भागत नाही, शेजारच्या पाण्यातून बेडूक पुन्हा येतो. म्हणून संपूर्ण खोरे हेच कामाचे एकक मानले गेले. अखेरीस बुलफ्रॉग संपले आणि २०१६ पासून तेथे स्थानिक लाल पायांचे बेडूक पुन्हा सोडण्यात आले. अर्धवट मोहीम मात्र अंगलट येऊ शकते. कॅनडातील व्हँकूव्हर बेटावरील बुलफ्रॉगच्या गणिती प्रतिमानाने दाखवले की थोडेसे टॅडपोल काढल्यास उरलेल्यांना अन्न आणि जागा मुबलक मिळते व ते अधिक संख्येने तगतात. त्यापेक्षा नुकतेच पाण्याबाहेर आलेले तरुण बेडूक टिपणे परिणामकारक ठरते. म्हणजे प्रश्न किती बेडूक मारले हा नसून कोणत्या वयाचे, केव्हा आणि कोणत्या वेगाने, हा आहे. प्रजननाचा दर काढण्याच्या दरापेक्षा जास्त राहिला, तर सारे श्रम वाया.

म्हणूनच अंदमानात पहिली लढाई जिथे बुलफ्रॉग अजून पोहोचलेला नाही, त्या बेटांच्या धक्क्यांवर आहे. मत्स्यबीजाची पिशवी बोटीत चढण्यापूर्वी तपासायला महागडे उपकरण लागत नाही. माशाचे पिल्लू आणि टॅडपोल यांतला फरक शाळकरी मुलालाही कळतो. आणि संसदेला व्याख्येत बदलायचे आहेत ते मोजकेच शब्द: ‘मूळची भारतातील नाही’ यांऐवजी ‘त्या प्रदेशाची मूळ रहिवासी नाही’.